डोंगर आणि दर्या, एकाच वर्षात
वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

या सदराकडे गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांमध्ये सात पत्रे जवळजवळ एकाच विषयाची निघाली. डोंगर चढणाऱ्या पुणेकरांना आता शिडाच्या होडीची ओढ लागली आहे, आणि दोन्हींना एका वर्षात कसे बसवावे, हा त्यांचा प्रश्न आहे. हा विषय माझ्याही जिव्हाळ्याचा असल्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न : मी ५१ वर्षांची असून माझे पती ५४ वर्षांचे आहेत. वीस वर्षे आम्ही नियमाने सह्याद्रीत चालतो आहोत आणि सिंहगड तर आमचा दर रविवारचा आहे. गेल्या हिवाळ्यात मुंबईच्या भाच्याने आम्हाला शिडाच्या होडीतून मांडव्यापर्यंत नेले, आणि तेव्हापासून दोघांच्याही मनातून ते जात नाही. येत्या जूनपासून पुढच्या मे महिन्यापर्यंतचे वर्ष आम्हाला डोंगर आणि शीड यांत वाटून घ्यायचे आहे. नोकरीमुळे महिन्यातून दोनच शनिवार-रविवार मोकळे मिळतात. आखणी कशी करावी? (कोथरूड)

उत्तर : आपण वर्ष जूनपासून मोजायला घेतले, हे अगदी योग्य केले, कारण आपल्याकडे डोंगराचे आणि समुद्राचे वर्ष पावसापासूनच सुरू होते. माझे पहिले सांगणे असे की आखणीची वही उघडाल तेव्हा आधी समुद्राचे महिने लिहावेत आणि डोंगर उरलेल्या जागी बसवावेत. जुन्या डोंगरयात्रींकडून नेमके याच्या उलट होते; हरिश्चंद्रगड, कळसूबाई, नाणेघाट यांच्या तारखा आधी पक्क्या होतात आणि मग एखादा रिकामा रविवार पाहून समुद्राला जागा दिली जाते. डोंगर आठवडाभर पुढे ढकलला तरी बिघडत नाही. समुद्र मात्र चार महिने पूर्ण बंद असतो, आणि उरलेल्या आठ महिन्यांतही वारा, भरती आणि होडी या तिन्ही गोष्टी एका दिवशी जुळून याव्या लागतात.

जून ते सप्टेंबर समुद्राचे नाव काढू नये. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचही पावसाळ्यात थांबतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन कोळी बांधव होड्या पाण्यात लोटतात, तेव्हा आपणही ऑगस्टमध्येच निघावे असे काहींना वाटते. परंतु पिढ्यान्‌पिढ्या त्याच पाण्यावर वाढलेला तांडेल (होडीचा प्रमुख) आणि एका हिवाळ्यात एकदा शिडाखाली बसलेले आपण, यांच्यात मोठे अंतर आहे. हौशी शिडाच्या होड्यांचा मुंबईचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होऊन मे महिन्यात संपतो. आपणही तोच धरावा.

या चार महिन्यांत डोंगर भरपूर आहे, पण तो निवडून घ्यावा. मुसळधार पावसाच्या दिवसांत कोकणात उतरणाऱ्या नाळा आणि घाटवाटा पूर्णपणे वर्ज्य कराव्यात, कारण तिथे पाणी आणि दगड एकाच वाटेने खाली येतात. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला, ही गोष्ट आपल्यापैकी कोणीही विसरू नये. जुलैत नेहमीचा सिंहगड, पुरंदर असे ओळखीचे आणि रुळलेले डोंगर पुरेत. सप्टेंबरात पठारांवर सोनकी आणि तेरडा फुलला की लांबच्या वाटा धराव्यात. घरात बसून करण्यासारखी समुद्राची तयारीही याच काळात उरकता येते. मी दर पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला दोन मीटर दोरी बांधून ठेवते आणि चहा उकळेपर्यंत बोलाइनची, म्हणजे न सरकणाऱ्या फासाची, गाठ मारून पाहते. आधी उघड्या डोळ्यांनी, मग डोळे मिटून, मग दोरी पाण्यात बुडवून एकाच हाताने. ओल्या दोरीवर बोटे घसरतात, टोक फासातून खालून जाते की वरून हे डोळ्यांना नव्हे तर बोटांनाच आठवावे लागते, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ते आठवू लागते. प्रस्तरारोहणात ही गाठ आपण शिकला असालच. होडीवर तीच गाठ दिवसातून वीस वेळा मारावी लागते, आणि तीही हलत्या जमिनीवर उभे राहून.

ऑक्टोबर हा सांध्याचा महिना आहे. परतीचा पाऊस दुपारी विजा घेऊन येतो, ऊन्हाचा तडाखा असतो, आणि समुद्रावरची लाट अजून पुरती बसलेली नसते. त्या महिन्यात एकच डोंगर आणि होडी शिकवणाऱ्या संस्थेची पहिली ओळख, एवढेच पुरे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे खरे वैभवाचे चार महिने आहेत. गडांवरच्या टाक्यांत पाणी असते, हवा स्वच्छ असते, घाटवाटा कोरड्या पडलेल्या असतात. आणि समुद्रावर सकाळी जमिनीवरून येणारे मंद मतलई वारे, दुपारी अकरा-बाराच्या सुमारास क्षणभर वारा पडणे, आणि मग वायव्येकडून येणारे खारे वारे असा दिवस ठरलेला चालतो. नवशिक्याला याहून चांगला शिक्षक नाही, कारण तासाभरात वारा कुठून येणार हे त्याला आधीच ठाऊक असते. मार्चपासून डोंगर तापतो, वणवे लागतात, कड्यांवर आग्या मोहोळे असतात. तेव्हा डोंगर पहाटेपुरता ठेवून उरलेले सर्व दिवस समुद्राला द्यावेत. मेच्या मध्यानंतर मात्र थांबावे. २०२१ च्या मे महिन्यातले तौक्ते आणि ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ किनाऱ्याला लागलेले निसर्ग, ही दोन्ही वादळे त्याच सुमाराची आहेत. हिवाळ्यातही हवामान खात्याचा इशारा रोज पाहावा, कारण २००९ मधले फयान नोव्हेंबरात आले होते. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागलेला असेल तर होडीवाल्याशी वाद न घालता पुण्याची गाडी धरावी.

आपल्या चोवीस शनिवार-रविवारांपैकी चौदा डोंगराला आणि दहा समुद्राला द्यावेत असे मी सुचवते. दहा कमी वाटतील. पण शिडाचा एक दिवस म्हणजे आदल्या रात्रीचा प्रवास, सकाळी होडीची तयारी, परतल्यावर शीड धुऊन वाळवणे, हे सर्व आले. दोन्ही एकाच सुटीत कोंबण्याचा मोह टाळावा. याला एकच अपवाद मला मान्य आहे, तो अलिबागजवळच्या सागरगडाचा. पहाटे खंडाळे गावातून चढावे, माथ्यावरून कुलाबा, खांदेरी आणि उंदेरी हे जलदुर्ग डोळ्यांखाली घ्यावेत, आणि दुसऱ्या दिवशी मांडव्याहून होडीने त्याच पाण्यावर जावे. आदल्या दिवशी वरून पाहिलेला किनारा दुसऱ्या दिवशी पाण्याच्या पातळीवरून ओळखू येतो, तेव्हा नकाशा वाचणे म्हणजे काय हे नव्याने कळते. मुंबई बंदरात असाल तर पूर्वेला कर्नाळ्याचा सुळका शोधावा. डोंगरयात्रींना तो घरच्यासारखा असतो, आणि खलाशांनीही तो पिढ्यान्‌पिढ्या खूण म्हणून वापरला आहे.

प्रश्न : शिडाची होडी चालवायला पुण्यात शिकता येईल का? मला पोहता येते, पत्नीला येत नाही. आमची मुलगी ११ वर्षांची आहे. तिला सोबत घ्यावे का? (बाणेर)

उत्तर : पुण्याचा पाण्यावरचा वारसा जुना आहे, पण तो वल्ह्यांचा आहे. मुळा-मुठेच्या काठी १८६८ पासून बोट क्लब आहे आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या रेगाटाची, म्हणजे नदीवरच्या होड्यांच्या सोहळ्याची, परंपरा १९२८ पासूनची आहे. खडकवासल्याच्या पाण्यावर कधीकधी पांढरी शिडे दिसतात ती राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या छात्रांची. तो भाग आपल्यासाठी खुला नाही. त्यामुळे शिकण्यासाठी मुंबई, गोवा किंवा हैदराबाद गाठावे लागेल. पुणेकराला मुंबई सोयीची आहे, मात्र शुक्रवारी रात्रीच तिथे मुक्कामाला जावे, कारण सकाळी गाडीतून धावतपळत उतरून होडीत चढणारा माणूस पहिला तास श्वास घेण्यातच घालवतो.

शिकायचे असेल तर मोठ्या नौकेवर पाहुणा म्हणून बसण्यापेक्षा लहान, दोन माणसांच्या होडीपासून सुरुवात करावी. मोठी नौका चूक पोटात घालते. लहान होडी चूक त्याच क्षणी दाखवून देते. पहिल्या दोन दिवसांत एकच गोष्ट पक्की करावी. वारा कुठून येतो ते गालाला कळले पाहिजे. वाऱ्याच्या तोंडावर दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांच्या आत कोणतीही शिडाची होडी जाऊ शकत नाही, म्हणून वाऱ्याकडे जायचे असेल तर घाटवाटेसारखी डावी-उजवी वळणे घेत चढावे लागते. डोंगरात चाललेल्या माणसाला हे लगेच उमगते, असा माझा अनुभव आहे. मांडव्याला जाताना दुपारचा वायव्य वारा पाठीशी असतो आणि होडी सुखाने जाते. परतताना तोच वारा समोर येतो, आणि तेवढ्याच अंतराला बराच अधिक वेळ लागतो. परतीचा वेळ जाण्याच्या वेळेवरून ठरवणाऱ्यांची पाण्यावरच संध्याकाळ होते.

दुसरी गोष्ट बूमची, म्हणजे शिडाच्या तळाशी असलेल्या आडव्या दांड्याची. माझ्या दुसऱ्या हंगामात वारा पाठीमागून असताना मी किनाऱ्यावरचे देऊळ पाहण्यात रमले आणि सुकाणू थोडे वळले. वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूने शिरला, बूम एका झटक्यात होडीच्या या बाजूकडून त्या बाजूला गेला आणि माझ्या सोबतिणीच्या खांद्याला लागला. तिचा हात महिनाभर झोळीत होता. डोंगरात लक्ष गेले तर बहुधा आपलाच पाय मुरगळतो. होडीत आपल्या दुर्लक्षाची किंमत शेजारच्याला मोजावी लागते. वारा पाठीशी असताना सुकाणूवरच्या माणसाशी कोणी बोलू नये, हा नियम आम्ही त्या दिवसापासून पाळतो.

आपल्या पत्नीने आधी पोहायला शिकावे. लाइफ जॅकेट असले तरी पाण्याची भीती असलेला माणूस होडी कलंडताच हातपाय झाडतो आणि दमतो. पुण्यात तलावांची वाण नाही. पावसाळ्याचे चार महिने शिकायला पुरेसे आहेत. कपड्यांसह पन्नास मीटर पोहणे आणि दहा मिनिटे उताणे तरंगणे, एवढे आले की पुरे. जॅकेट प्रत्येकाच्या मापाचे असावे, पट्टे आवळून खांद्याकडून वर ओढून पाहावे, आणि ते हनुवटीपर्यंत सरकले तर बदलून घ्यावे. मुलीला अवश्य न्यावे. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ऑप्टिमिस्ट नावाची एका शिडाची, सुमारे २.३ मीटर लांबीची होडी जगभर वापरतात. तीत मूल एकटेच बसते आणि एकटेच शिकते. माझे निरीक्षण असे आहे की अशा होडीत मुले आईवडिलांच्या आधी शिकतात, म्हणून तिला आपल्या होडीत प्रवासी म्हणून बसवून ठेवू नये.

प्रश्न : माझी आजी गुहागरची. पंचांगातली तिथी पाहून ती भरतीची वेळ सांगत असे. तो हिशोब खरा आहे का, आणि आजच्या काळात त्याचा काही उपयोग आहे का? (सदाशिव पेठ)

उत्तर : हिशोब खरा आहे आणि उपयोगाचाही आहे. तिथीचा आकडा घेऊन त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या वाजता, दिवसा आणि रात्री, भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. प्रत्येक भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि भरतीही तेवढीच पुढे सरकते. पाऊणपट म्हणजे पंचेचाळीस मिनिटे हे त्याचेच सोपे केलेले माप आहे. या हिशोबात अर्धा ते एक तासाचा फरक पडू शकतो, म्हणून प्रत्यक्ष निघताना त्या बंदराचे छापील कोष्टक पाहावे. पण चार महिन्यांनंतरच्या सहलीची तारीख ठरवताना कालनिर्णय उघडून तोंडी हिशोब करण्याइतके सोपे दुसरे काही नाही.

आपल्या आजींना आणखी एक गोष्ट नक्कीच ठाऊक असणार, जी शहरातले लोक विसरतात. भरतीची वेळ आणि भरतीचे बळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण येते. मुंबईला तेव्हा पाणी साडेचार मीटरांच्याही वर चढते आणि ओहोटीला तितकेच खोल उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, म्हणजे पाणी थोडेच चढते आणि थोडेच उतरते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर पायी जाऊ इच्छिणारे लोक दुपारी बाराची ओहोटी सोयीची म्हणून अष्टमी निवडतात आणि कमरेएवढ्या पाण्याला कंटाळून परततात, कारण त्या दिवशी पाणी पुरते हटतच नाही. पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सकाळची ओहोटी धरली तर वाळू बरीच उघडी पडते. शिडाच्या होडीला हाच हिशोब उलटा लावावा. खाडीत शिरताना चढती भरती आणि बाहेर पडताना उतरती ओहोटी सोबत घ्यावी. मात्र मुखाशी समोरून वारा येत असताना उधाणाच्या ओहोटीवर बाहेर पडू नये, कारण पाणी एका बाजूने आणि वारा दुसऱ्या बाजूने असला की तिथे उभ्या, आखूड लाटा उठतात आणि लहान होडी त्यांत अडकते.

प्रश्न : आम्ही चार विद्यार्थी आहोत. सिंहगड-राजगड-तोरणा हा ट्रेक आम्ही दोनदा केला आहे. आता पुण्यातून पायी निघून समुद्रापर्यंत जायचे आणि पुढे होडीने प्रवास करायचा, असा विचार आहे. असे कोणी केले आहे का? वाट कोणती घ्यावी? (शिवाजीनगर)

उत्तर : तुमचा विचार ऐकून फार आनंद झाला, कारण हीच या प्रदेशाची मूळ वाट आहे. घाटवाटा ट्रेकसाठी झालेल्या नाहीत. कोकणातले मीठ आणि सुकी मासळी बैलांच्या पाठीवरून वर यावी, वरचे धान्य खाली जावे, यासाठी त्या पडल्या. नाणेघाटातला जकातीचा दगडी रांजण आणि सातवाहनकालीन शिलालेख हे जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाणाऱ्या मालाचे साक्षीदार आहेत.

तुमच्या ओळखीच्या ट्रेकला मी पुढचा अर्धा भाग जोडते. सिंहगडाच्या कल्याण दरवाजाने उतरून विंझरमार्गे गुंजवण्याला जावे, दुसऱ्या दिवशी राजगड, तिसऱ्या दिवशी संजीवनी माचीकडून धारेने तोरण्याची बुधला माची, आणि तोरण्यावरून उतरून केळद गाठावे. केळदच्या पुढे मढे घाट आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले, आणि त्यांचा देह याच घाटाने कोकणातल्या उमरठला नेला, म्हणून घाटाला मढे हे नाव पडले, अशी परंपरा आहे. सिंहगडावरून निघून त्याच वाटेने चौथ्या दिवशी तुम्ही उतरत असाल, तेव्हा घाटाच्या तोंडाशी थोडे थांबा. पायाखाली कर्णवडीची कौले दिसतात, मागे घाटमाथ्याचा थंड वारा असतो आणि पहिल्याच वळणाच्या खाली हवा एकदम दमट आणि जड होते; घामाला वेगळी चव येते. कोकण सुरू झाले हे शरीराला नकाशाच्या आधी कळते.

कर्णवडीहून बिरवाडी आणि महाड. महाड आज समुद्रापासून दूर वाटते, पण सावित्री नदीतून भरतीबरोबर लहान गलबते पूर्वी तिथवर येत असत. आज मात्र नदीत गाळ आहे आणि वर पूल आहेत, त्यामुळे उंच डोलकाठीची होडी महाडपर्यंत आणण्याचे मनात आणू नका. महाडहून एसटीने सावित्रीच्या मुखाकडे जा. दक्षिणेला बाणकोटचा हिम्मतगड, उत्तरेला हरिहरेश्वर, आणि वेसवी ते बागमांडला अशी फेरी बोट आहे. ही फेरी इंजिनाची आहे. तुमच्या मनातला शिडाचा प्रवास तिथून लगेच होणार नाही. ज्यांच्यापैकी एकानेही दोन हंगाम शीड हाताळलेले नाही, अशा चौघांनी खुल्या समुद्रात किनारा धरून जाऊ नये, असे मी स्पष्ट सांगते. या वर्षी पायी वाट पूर्ण करा आणि मुंबईत शिकायला लागा. पुढच्या वर्षी अनुभवी नाखव्यासोबत हाच प्रवास पाण्यावरून पुरा करा. डोंगर असो वा पाणी, ज्यांच्याकडून सेवा घ्याल त्यांच्याकडे पर्यटन संचालनालयाची नोंदणी आहे का हे विचारा. शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात ती अपेक्षित आहे.

असे कोणी केले आहे का, या तुमच्या प्रश्नाला उत्तर होय असे आहे. १९३६ साली नंदादेवीच्या शिखरावर प्रथम पोचलेल्या दोघांपैकी एक, ब्रिटिश गिर्यारोहक एच. डब्ल्यू. टिलमन, पन्नाशी उलटल्यावर शीड शिकले, आणि एका जुन्या लाकडी नौकेने पॅटागोनिया, ग्रीनलंड अशा ठिकाणी जाऊन तिथले डोंगर चढत राहिले. १९७७ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, दक्षिण अटलांटिकमध्ये ते दुसऱ्याच्या नौकेवर असताना त्या नौकेसह बेपत्ता झाले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये शिडाने किनाऱ्याकिनाऱ्याने जात वेल्स, इंग्लंड आणि स्कॉटलंड या तिन्हींची सर्वोच्च शिखरे चढण्याची शर्यत सुरू झाली. त्यांना शिखराशी जायला समुद्र ओलांडावा लागे. आपल्याला एका घाटाची उतरण पुरते.

प्रश्न : जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या किल्ल्यांपैकी महाराष्ट्रातले अकरा एका वर्षात पूर्ण करण्याचा संकल्प आहे. शक्य आहे का? (हडपसर)

उत्तर : शक्य आहे. बारापैकी जिंजी तामिळनाडूत आहे. उरलेल्या अकरांत साल्हेर, शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड, प्रतापगड आणि पन्हाळा हे सात डोंगरी, खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग ही तीन बेटे, आणि वाघोटन खाडीच्या मुखाशी जमिनीला जोडलेला विजयदुर्ग. साल्हेर १५६७ मीटर उंच आणि पुण्याहून लांब असल्याने त्याला हिवाळ्याचे दोन पूर्ण दिवस राखून ठेवावेत. तिन्ही बेटे नोव्हेंबर ते मार्च या काळात घ्यावीत. थळ, हर्णै आणि मालवण इथून होड्या मिळतात. खांदेरीवर दीपगृह आहे, तेव्हा उतरण्याच्या परवानगीची चौकशी आधी करावी.

मात्र माझी विनंती आहे की खांदेरीला घाई करू नये. १६७९ साली शिवाजी महाराजांनी तिथे तट उभारायला घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी जहाजे आणून बेट रोखण्याचा प्रयत्न केला. पण उथळ पाण्यातून वल्ह्यांवर ये-जा करणारी मराठ्यांची हलकी होडकी वारा पडलेल्या वेळी त्या मोठ्या शिडाच्या जहाजांच्या हाती लागेनात. थळच्या किनाऱ्यावर सकाळी दहाला उभे राहिले, मतलई वारा थांबून पाणी आरशासारखे झाले आणि समोर खांदेरी दिसली, की ती लढाई कशी झाली असेल हे पुस्तकाशिवाय कळते. अकरांपैकी नऊच झाले आणि त्यांतले दोन नीट पाहून झाले, तरी वर्ष चांगले गेले असे मी मानीन.

प्रश्न : कड्याच्या टोकावर मी निवांत बसतो, पण होडीत मला बोट लागते. डोंगराची सवय असून असे का? (धनकवडी)

उत्तर : उंचीची भीती आणि बोट लागणे यांचा एकमेकांशी संबंध नाही. कानाच्या आतल्या तोलाच्या इंद्रियाला हालचाल कळते आणि डोळे मात्र स्थिर फळी पाहत असतात. या विसंगतीने मळमळते. म्हणून नजर क्षितिजावर ठेवावी, फोन पाहू नये, खाली केबिनमध्ये जाऊ नये, होडीच्या मध्यभागी बसावे आणि शक्य असेल तर सुकाणू हाती घ्यावे, कारण हालचाल आधी कळणाऱ्या माणसाला त्रास कमी होतो. उपाशीपोटी निघू नये. भाकरीचा तुकडा आणि आलेपाक मला उपयोगी पडला आहे. गोळी घ्यायची असल्यास डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या पुरेशी आधी घ्यावी.

प्रश्न : आमच्या गटाची जुनी प्रस्तरारोहणाची दोरी शीड वर खेचायला वापरता येईल का? (चिंचवड)

उत्तर : नाही. प्रस्तरारोहणाची दोरी पडणाऱ्या माणसाचा झटका सोसण्यासाठी ताणली जाईल अशीच विणलेली असते. ती शिडाला लावली तर वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर लांबते आणि शीड सैल पडते. शिडाची दोरी न ताणणारी असावी लागते. याच्या उलट, होडीवरची दोरी कड्यावर कधीही नेऊ नये. ती ताणली जात नसल्याने पडण्याचा सगळा झटका शरीरावर आणि खिळ्यावर येतो, आणि ही चूक जीवावर बेतू शकते. म्हणून दोन्ही प्रकारच्या दोऱ्या एका पिशवीत ठेवू नयेत आणि टोकांना वेगळ्या रंगाची पट्टी लावावी. तुमची जुनी दोरी धक्क्याला होडी बांधून ठेवण्यासाठी चालेल, कारण तिथे थोडा ताण उपयोगाचाच असतो. खाऱ्या पाण्यात भिजली की ती त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यात बुचकळून काढावी आणि उन्हात न टाकता सावलीत, वेटोळे सोडून वाळवावी.